रक्तातली कळ

उतईत 'सिकलिंग' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या दक्षिणेला, भातखाचरांच्या मुलखात वसलेलं हे गाव आता नगरपंचायत झालं आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्रही इथेच आहे. तरी दुर्ग जिल्ह्यातल्या कुठल्याही गावासारखं इथेही थंडी पडली की एखादं पोर रात्री कण्हायला लागतं, 'हाथ-गोड़ पिरावत हे', हातपाय दुखताहेत, म्हणतं आणि आजी तेलाची वाटी घेऊन त्याच्या उशाशी बसते. हे दुखणं चोळून जात नाही. ते हाडाच्या आत असतं. बारीक रक्तवाहिन्यांत विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकून बसतात आणि त्यांच्या पलीकडचा भाग श्वासाविना तडफडतो.

इथून नागपूरकडे निघालं की हाच रोग 'सिकलसेल' होतो. विदर्भात तपासणीचा कागद हाती आलेली माणसं 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' अशा भाषेत बोलतात. एएस म्हणजे वाहक. सदोष जनुक आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेलं, त्रास सहसा नाही. एसएस म्हणजे दोघांकडून आलेलं. लग्नाच्या बोलणीत ही दोन अक्षरं दबक्या आवाजात विचारली जातात, पुष्कळदा विचारलीच जात नाहीत.

मराठीत हाडातून निघते तीही कळ आणि जिनं यंत्र चालू-बंद करतात तीही कळच. गोष्ट दुसऱ्या कळेची आहे, पण तिच्या शोधाला माणसं लागली ती पहिलीमुळे.

दुर्ग आणि नागपूर यांचं नातं जुनं. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीनं छत्तीसगडातलं रतनपूर नागपूरच्या भोसल्यांच्या हाती आलं. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि छत्तीसगड इंग्रजांकडे गेलं. त्यानंतर मध्य प्रांत आला, मग जुनं मध्य प्रदेश राज्य आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी होईपर्यंत दुर्गची राजधानी नागपूरच होती. म्हणून १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या दोघांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लेख लिहिला, तेव्हा 'मध्य भारत' हा शब्द त्यांच्या लेखी नकाशावरचा नुसता ठिपका नव्हता. रायपूर-दुर्गकडचा रुग्ण गाडीत बसून नागपूरला यायचा. आजही येतो.

त्याच्या सहा वर्षं आधी, १९५२ साली, हा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला, आणि तोही दोन टोकांना जवळजवळ एकदमच. लेमन आणि कटबुश यांना त्याचे वाहक निलगिरीच्या आदिवासींत दिसले. डनलॉप आणि मजुमदार यांना हा रोग वरच्या आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांत सापडला. हे मळे छोटा नागपूर, ओरिसा, मध्य प्रांत इथून नेलेल्या माणसांच्या जिवावर उभे होते. त्यांच्या अंगातला रोग त्यांच्याबरोबरच आगगाडीतून गेला आणि आसामात डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याला पहिल्यांदा नाव मिळालं. घरी, गावात, त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

तेव्हाची तपासणी फार साधी होती. बोट टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचं ताजं द्रावण मिसळायचं, वर पातळ काच ठेवायची आणि हवा आत जाऊ नये म्हणून कडा व्हॅसलिननं बंद करायच्या. मग थांबायचं. ते रसायन ऑक्सिजन ओढून घेतं. गोल गरगरीत पेशी हळूहळू ताणल्या जातात, टोकं काढतात, काही वेळानं काचेवर विळेच विळे पडलेले दिसतात. ज्यानं एकदा हे पाहिलं आहे त्याला या रोगाचं नाव का पडलं ते वेगळं सांगावं लागत नाही. मात्र एएस आणि एसएस यांतला फरक ही काचपट्टी सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिन विजेवर पळवून वेगळं करावं लागतं.

रेणूच्या पातळीवरची कथा पाठ्यपुस्तकांत आहे, ती मी भरभर सांगतो. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तातले विळे छापले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवलं आणि 'रेणूचा रोग' ही कल्पना जन्माला घातली. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी दोष एका जागी आणून ठेवला. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. साखळीतला एक मणी बदलला आणि सारा संसार बिघडला.

या थोर मंडळींच्या गर्दीत एक नाव सहसा मागे राहतं. जॅनेट वॉटसन या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४८ मध्ये, म्हणजे पॉलिंगच्याही आधी, एक गोष्ट नेमकी हेरली. रोग असलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं. त्याच्या पेशी काचपट्टीवर फारशा वाकत नाहीत. वॉटसन म्हणाल्या, त्याला गर्भातलं हिमोग्लोबिन राखतं आहे.

पोटातलं बाळ आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे वेगळं हिमोग्लोबिन असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा बंद होते आणि बीटा सुरू होते. दोष बीटात आहे, म्हणून गॅमा चालू आहे तोवर बाळ सुरक्षित. गॅमा विझली की रोग जागा होतो. साध्या भाषेत, प्रत्येक माणसाच्या शरीरात या रोगाचं औषध जन्मतःच असतं आणि वर्षभरात आपलं शरीरच ते कपाटात ठेवून कुलूप लावतं. त्या कुलपाची किल्ली कुणाकडे, हा प्रश्न त्यानंतर साठ वर्षं टिकला.

आणि इथे आपला मुलूख पुन्हा गोष्टीत येतो. ओरिसात, छत्तीसगडच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या संबळपूरजवळच्या बुर्ला वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बी. सी. कर सिकलसेलचे रुग्ण पाहत होते. १९८६ मध्ये त्यांनी जमैकात काम करणारे ग्रॅहम सर्जंट आणि इतर सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की ओरिसातल्या रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास आहे, जमैकातल्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त. त्याच वर्षी कुलोझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा तपासून मत मांडलं की आशियातला सिकलचा दोष आफ्रिकेतून आलेला नाही, तो इथे स्वतंत्रपणे उपजला. या खुणांच्या संचाला 'अरब-भारतीय' नाव पडलं, कारण सौदी अरबस्तानाच्या पूर्व किनाऱ्यावरही तोच सापडतो. तिथल्या तेल कंपनीचे डॉक्टर रिचर्ड पेराइन यांनी सत्तरच्या दशकातच तिथला रोग सौम्य असल्याचं लिहिलं होतं.

मग आपल्याकडे सगळं आलबेल असायला हवं होतं. तसं झालं नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी तपासलेल्या मुलांमध्ये रोग बराच तीव्र निघाला, गर्भातलं हिमोग्लोबिन बऱ्यापैकी असूनही. 'आमच्याकडे सौम्य असतो' हे ओरिसावरून साऱ्या देशावर थापलेलं वाक्य विदर्भात खरं ठरलं नाही. परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतल्या डॉ. रोशन कोलाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं गावोगावचे नमुने तपासून हा गुंता उकलायचा प्रयत्न केला. त्या संस्थेचं एक केंद्र आता चंद्रपूरलाही आहे. गडचिरोलीत १९८६ मध्ये 'सर्च' सुरू करणाऱ्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनाही सुरुवातीच्या पाहणीत हा रोग मोठ्या प्रमाणावर दिसला होता. पण लोकांना विचारल्यावर कळलं, की त्यांच्या तातडीच्या दुखण्यांच्या यादीत तो वर नव्हता. ही कबुली डॉ. बंग यांनी स्वतःच जाहीरपणे दिली आहे. संशोधक असं सहसा सांगत नाहीत, म्हणून नोंदवतो.

रायपूर जिल्ह्यात डॉ. पी. के. पात्रा आणि सहकाऱ्यांनी साडेतीन लाखांहून जास्त मुलं तपासली तेव्हा शंभरांत नऊ वाहक निघाली. दुर्ग शेजारचाच जिल्हा. वर्गात पन्नास मुलं धरली तर चार-पाच.

आता ती कळ.

२००७-०८ मध्ये शोध लागला तो रुग्णांकडे पाहून नव्हे, निरोगी माणसांकडे पाहून. लंडनमधल्या जुळ्या भावंडांत आणि भूमध्य समुद्रातल्या सार्डिनियाच्या लोकांत मोठेपणीही गर्भातलं हिमोग्लोबिन कुणात थोडं जास्त, कुणात कमी राहतं. त्यांची जनुकं एकमेकांशी ताडून पाहताना एक खूण पुन्हा पुन्हा उमटली. गंमत अशी, की हिमोग्लोबिनची बीटा-गॅमा जनुकं अकराव्या गुणसूत्रावर, आणि ही खूण मात्र दुसऱ्या गुणसूत्रावर. तिथल्या जनुकाचं नाव बीसीएल११ए. हे नाव रक्ताच्या कर्करोगावरच्या अभ्यासातून आलेलं. एखाद्या सज्जन माणसाला त्याच्या नावावर लागलेल्या जुन्या फौजदारी खटल्यावरूनच गाव ओळखत राहावं, तसं हे नाव. २००८ मध्ये बोस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी रक्तपेशींत या जनुकाचा आवाज बसवला आणि गॅमा पुन्हा बोलू लागली. २०११ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं सिकलसेल झालेल्या उंदरांत हे जनुक बंद करून त्यांचा रोग घालवला.

बीसीएल११ए जे प्रथिन घडवतं त्याला ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. पेशीच्या केंद्रकात डीएनएचा मोठा दप्तरखाना असतो. त्यातल्या कुठल्या कागदाची नक्कल आज उतरवायची आणि कुठला कागद बांधून ठेवायचा, हे ठरवणारी प्रथिनं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. डीएनएच्या विशिष्ट अक्षरांवर ती बोट ठेवतात. बीसीएल११एच्या बाबतीत तर अगदी शब्दशः बोट. त्याच्या अंगावर जस्ताच्या एकेका अणूभोवती वळलेले छोटे पेड असतात. बेडकाच्या अशाच एका प्रथिनावर काम करताना केंब्रिजच्या आरन क्लुग यांनी १९८५ मध्ये हे पेड ओळखले, आणि नंतर त्यांना 'जस्ताची बोटं' हे नाव रुळलं.

प्रश्न असा, की हे प्रथिन गॅमावर नेमकं कुठे बोट ठेवतं? दहा वर्षं उत्तर मिळेना. पेशीतल्या पाहणीत ते गॅमाच्या दारात दिसतच नव्हतं, लांब कुठेतरी दिसायचं. म्हणून लोक म्हणू लागले, ते दुरून दोऱ्या ओढत असेल. पेशीत हजारो प्रथिनं एकमेकांच्या अंगावर पडलेली असतात, त्या गर्दीत कुणाचा हात कुठे आहे हे सांगणं कठीण. त्याला गर्दीतून बाहेर काढून एकटंच टेबलावर बसवायचं आणि डीएनए पुढे करायचा, हा एकच सरळ मार्ग होता. पण माणसाच्या रक्तातून हे प्रथिन हवं तेवढं मिळत नाही. ते बनवावंच लागतं.

बनवायचं ते आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूकडून. १९७३ मध्ये कोहेन आणि बॉयर यांनी परक्या जनुकाचा तुकडा जिवाणूत घालून दाखवला, तिथून रिकॉम्बिनंट प्रथिनांचं युग सुरू झालं. १९८४ मध्ये केंब्रिजमध्ये कियोशी नागाई यांनी माणसाची बीटा साखळीच जिवाणूत घडवली, म्हणजे सिकलच्या घरातलीच ही हकीकत. पुढे विषाणूच्या टी७ एन्झाइमची युक्ती आली, प्रथिनाला सहा हिस्टिडिनचं शेपूट जोडून निकेलवर अडकवायची युक्ती आली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज होणारं हे काम त्या दोन-तीन युक्त्यांवर उभं आहे.

एक दिवस उभं राहून ते पाहण्यासारखं आहे. माणसाच्या जनुकाचा हवा तेवढाच तुकडा गोल डीएनएत बसवून जिवाणूत घातलेला असतो. बीसीएल११ए ८३५ अमिनो आम्लांचं लांबलचक प्रथिन, अख्खं करायला गेलं की बहुतेक वेळा गोळा होऊन बसतं. म्हणून शेवटची साधारण शंभर आम्लं घेतात, म्हणजे चार, पाच आणि सहा क्रमांकाची बोटं. पिवळसर रश्शात जिवाणू ३७ अंशाला हलवत वाढवायचे. फ्लास्क गढूळ झाला की आयपीटीजी नावाचं, जनुक चालू करणारं रसायन घालायचं, जस्ताचा क्षार टाकायचा आणि उष्णता उतरवून रात्रभर सोडून द्यायचं. घाई केली की प्रथिन चुकीचं वळतं आणि गाळ होतो. सकाळी जिवाणू तळाशी फिरवून काढले की बासुंदीच्या रंगाचा लगदा हाती येतो. बर्फात ठेवून तो ध्वनिलहरींनी फोडायचा, मग फिकट निळ्या निकेलच्या मण्यांतून गाळायचा. शेपूट असलेलं प्रथिन मण्यांना धरून राहतं, बाकीचं वाहून जातं, आणि इमिडॅझोल ओतलं की तेही सुटतं.

इथे एक खोड असते. हे प्रथिन डीएनए पकडणारं, म्हणून ते जिवाणूचाच डीएनए कवटाळून बाहेर येतं. मिठाचं प्रमाण वाढवून त्याचे हात सोडवावे लागतात. दुसरी खोड ईडीटीएची. साऱ्या प्रयोगशाळांत सवयीनं घालतात ते हे रसायन जस्त ओढून घेतं, बोटं सरळ होतात आणि आठवड्याचं काम पाण्यात जातं. असं शुद्ध केलेलं प्रथिन ग्लिसरॉलमध्ये शून्याखाली ८० अंशाला ठेवतात. एखादी कंपनी ते विकते तेव्हा कुपीवर लिहिलेलं असतं, 'फक्त संशोधनासाठी'. आत काही मायक्रोग्रॅम. दोन-चार वेळा वितळवून पुन्हा गोठवलं की त्यात पांढरे कण तरंगायला लागतात, मग फेकून द्यायचं.

२०१८ मध्ये नान लिउ, ऑर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीसीएल११एची ही बोटं डीएनएच्या हजारो छोट्या तुकड्यांनी भरलेल्या काचेसमोर ठेवली. प्रत्येक तुकड्यावर अक्षरांची वेगळी जुळणी. बोटांनी त्यातलं एकच उचललं: टीजीएसीसीए. ही सहा अक्षरं गॅमाच्या दारातच होती, तीही दोनदा. मग पेशीत नव्या, जास्त बारीक पद्धतीनं पाहिलं तेव्हा प्रथिन तिथेच, दाराच्या चौकटीवर सापडलं, गॅमाच्या सुरुवातीपासून मागे ११८ ते ११३ या अक्षरांवर.

मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर जागा इथे वाटते. काही ग्रीक कुटुंबांत मोठेपणीही गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर सापडलं होतं. १९८५ मध्ये फ्रान्सिस कॉलिन्स आणि इतरांनी त्यांच्या गॅमाच्या दारात एका अक्षराची चूक शोधली होती, सुरुवातीपासून मागे ११७ व्या जागी. का, हे तेहतीस वर्षं नीट कळलं नव्हतं. आता कळलं. बोट ठेवायच्या सहा अक्षरांतलंच एक बदललं होतं, आणि बोट घसरत होतं. २०१९ मध्ये स्फटिकात गोठवलेल्या त्या बोटांचं आणि डीएनएचं चित्रही छापून आलं.

औषध मात्र या दारात न बनता जनुकाच्या कळेपाशी बनलं. बीसीएल११ए पूर्ण बंद करणं धोक्याचं, कारण मेंदूला आणि प्रतिकारशक्तीलाही ते लागतं. पण २०१३ मध्ये डॅनियल बाउअर आणि ऑर्किन यांना त्या जनुकाच्या पोटात एक तुकडा सापडला, तो फक्त रक्तपेशींत ते चालू ठेवतो. त्या तुकड्यावर बसणारं प्रथिनही ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरच, गाटा१, लाल पेशी घडवणारा जुना मुकादम. क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या कात्रीनं गाटा१ची बसायची जागा कापली की रक्तात बीसीएल११ए थकतं आणि गॅमा उठते. व्हिक्टोरिया ग्रे या अमेरिकन बाईंना २०१९ मध्ये हे उपचार मिळाले. १६ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटननं आणि ८ डिसेंबरला अमेरिकेनं 'कॅसजेवी' या नावानं त्याला परवानगी दिली. तेव्हाची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आधी अस्थिमज्जा रसायनांनी रिकामी करावी लागते, ते दिवस वेगळेच काढावे लागतात.

त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सतरा राज्यांत चाळीस वर्षांच्या आतल्या ७ कोटी माणसांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकविज्ञान संस्थेत देबोज्योती चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी घडवलेली देशी क्रिस्पर उपचारपद्धती 'बिरसा १०१' या नावानं जाहीर झाली. ती पुढे न्यायची जबाबदारी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे आली आहे.

उतईच्या पोराला आज जे मिळतं ते म्हणजे हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल. १८६९ मध्ये जर्मनीत बनलेलं हे रसायन १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सिकलसेलवर लागू पडलं. आपल्या मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅमची छोटी मात्रा पुरते, हे नागपूरच्याच डॉ. जैन यांनी २०१२ मध्ये दाखवलं. कॅप्सूलही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, फक्त आडवाटेनं. काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं जातं. येणाऱ्या कागदावर एचबीए, एचबीए२, एचबीएस असे रकाने असतात आणि शेजारी एचबीएफ. डॉक्टर चष्मा वर करून आधी एचबीएफचा आकडा बघतात, मागच्या कागदाशी जुळवतात आणि आजीला विचारतात, या हिवाळ्यात पोरगं किती रात्री जागलं?